विश्लेषण : शाळेची तपासणी होते, पण पालकांना कोण विचारते?

तपासणीची तारीख कळली की शाळेचे रूप पालटते. फलकावरचा सुविचार बदलतो, अर्धवट राहिलेली रजिस्टरे पूर्ण होतात, स्वच्छतागृहातून फिनेलचा वास येऊ लागतो. अधिकारी येतात, हजेरीपट पाहतात, एखाद्या वर्गात मुलांना पाढे म्हणायला लावतात आणि शेरेबुकात चार ओळी लिहून निघतात. ही शाळा उरलेले दिवस कशी चालते हे रोज संध्याकाळी मुलांच्या तोंडून ऐकणारे पालक त्या वेळी फाटकाबाहेरच असतात. त्यांना आत येऊन बोलता येते का?

तपासणी कोण करते?

जिल्हा परिषदेच्या शाळांवर केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांची देखरेख असते. त्यांच्या वर जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी असतात. महापालिका क्षेत्रात पालिकेची स्वतःची यंत्रणा असते, तर मुंबईतील माध्यमिक शाळा शिक्षण निरीक्षकांच्या अखत्यारीत येतात. याशिवाय २०१५ मध्ये देशपातळीवर ‘शाळासिद्धी’ ही मूल्यांकनाची चौकट आली. तिच्यात सात क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत. त्यातले सातवे क्षेत्र समाजाच्या सहभागाचे आहे. मात्र या पद्धतीत शाळा आधी स्वतःच स्वतःला गुण देते आणि बाहेरचे मूल्यांकन त्यानंतर होते. परीक्षार्थ्यानेच उत्तरपत्रिका आधी तपासण्यासारखा हा प्रकार आहे. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला तिसऱ्या कुणाचे तरी म्हणणे ऐकण्याची गरज अधिकच भासायला हवी.

पालकांना अधिकार आहे का?

आहे, आणि तो बऱ्याच जणांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे आणि अनुदान कसे खर्च होते ते पाहणे ही समितीची कामे आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पालकही शाळेचे एक प्रकारचे तपासनीसच ठरतात.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी समितीचे इतिवृत्त आधी लिहिले जाते आणि सह्या नंतर घरोघरी फिरून गोळा केल्या जातात. सही करणाऱ्या आईचा दिवसाचा रोज बुडालेला परवडत नाही. बैठक सकाळी अकराला असेल तर ती येणार कशी? तपासणी अधिकारी रजिस्टर उघडतात, सह्या मोजतात, ‘समिती कार्यरत’ असा शेरा पडतो. त्या सह्यांपैकी दोन जणींना बोलावून ‘मागच्या बैठकीत काय ठरले?’ एवढेच विचारले, तरी खरे चित्र पाच मिनिटांत कळेल. त्यासाठी नव्या शासन निर्णयाचीही गरज नाही.

विनाअनुदानित खासगी शाळांना कलम २१ लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो. महाराष्ट्राच्या शुल्क विनियमन कायद्याने या संघाला आणि त्याच्या कार्यकारी समितीला शुल्क ठरवण्यात स्थान दिले आहे. समितीवर प्रत्येक इयत्तेतून एक पालक सोडतीने निवडला जातो. त्यामुळे ही सोडत खरोखर झाली का, हा अशा शाळेतील तपासणीवेळी विचारण्याजोगा पहिला प्रश्न आहे.

मग पालक गप्प का राहतात?

बहुतेकांना कायदा माहीत नसतो, हे खरे. पण माहिती असणारेही बोलत नाहीत, कारण तक्रार पालक करतात आणि दुसऱ्या दिवशी त्या वर्गात बसायचे असते मुलाला. अंतर्गत गुण, स्नेहसंमेलनातली भूमिका, दहावीचा अर्ज, शाळा सोडल्याचा दाखला अशा कितीतरी गोष्टी शाळेच्या हातात असतात. कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. तरी ‘तुझ्या आईला सांग आता’ हे वर्गासमोर उच्चारलेले वाक्य सिद्ध कसे करायचे? म्हणूनच मुख्याध्यापकांच्या दालनात, मुख्याध्यापकांच्या समोर ‘काही अडचण आहे का?’ असे विचारणे निरर्थक आहे. तिथे ‘नाही’ यापलीकडे उत्तर येत नाही.

इंग्लंडमध्ये काय करतात?

तिथे शाळांची तपासणी ऑफस्टेड ही संस्था करते. तपासणी ठरली की शाळेने पालकांना कळवायचे असते आणि पालक ‘पॅरेंट व्ह्यू’ या ऑनलाइन प्रश्नावलीत मत नोंदवतात. मूल सुरक्षित आहे का, दादागिरी होते तेव्हा शाळा लगेच लक्ष घालते का, असे थेट प्रश्न त्यात असतात. शाळेला एकत्रित निकाल दिसतो, कोणी काय लिहिले ते दिसत नाही. मात्र एखाद्या मुलाच्या वैयक्तिक तक्रारीचा निवाडा ऑफस्टेड करत नाही. त्यासाठी आधी शाळेकडेच जावे लागते.

या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. तपासणीच्या ताणाचा एका मुख्याध्यापिकेच्या आत्महत्येत वाटा होता, असा निष्कर्ष मृत्यूच्या चौकशीत डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. पुढे सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना एका शब्दाचा एकूण शेरा देणे बंद झाले. पालकांचे ऐकणे आणि शिक्षकांना कोंडीत पकडणे यात फरक राखावा लागतो, हे तिथे फार उशिरा उमगले.

तपासणीवेळी नेमके काय द्यावे?

‘शिकवत नाहीत’ ही तक्रार नोंदवता येत नाही. ‘सहावीला जूनपासून गणिताला शिक्षक नाही’ ही नोंदवता येते. कायद्याच्या परिशिष्टात मोजता येण्याजोगी मानके दिली आहेत : पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, सुरक्षित पिण्याचे पाणी, मैदान, ग्रंथालय. तक्रार अशा एखाद्या मानकाशी जोडली, तारीख लिहिली आणि शक्य असेल तर पाच-सात पालकांनी मिळून सही केली, की ती बाजूला सारणे अवघड जाते आणि एकाच मुलाकडे बोटही दाखवले जात नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायलाच हवी.

तपासणी अधिकाऱ्याने दखल घेतली नाही, तर कलम ३२ आहे. मुलाच्या शिक्षण हक्काबाबत कोणीही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते आणि तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, अशी तरतूद आहे. निर्णय पटला नाही, तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. हा कायदा ६ ते १४ वयोगटापुरता आहे, त्यामुळे नर्सरी आणि केजीच्या पालकांना हा मार्ग मिळत नाही. ही उणीव गंभीर आहे, कारण सर्वात कमी बोलू शकणारी मुले त्याच वर्गांत असतात.

तपासणीची वाट कधी पाहू नये?

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तेव्हा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या प्रकरणात पालकांची फिर्याद नोंदवायला झालेला विलंब उच्च न्यायालयात गाजला. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘आधी अंतर्गत चौकशी करू’ असे म्हणण्याची मुभा शाळेलाही नाही. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी चोवीस तास सुरू असते. बदलापूरनंतर राज्य सरकारने सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समितीबाबत नव्याने आदेश काढले. तक्रारपेटी भिंतीवर आहे का, याची नोंद तपासणीत होते. ती शेवटची कधी, कोणासमोर उघडली आणि आत काय सापडले, हे पालकांनीच विचारायला हवे.

तपासणी अहवाल पाहायला मिळतो का?

तो शाळेच्या फलकावर सहसा लागत नाही. मात्र माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे त्याची प्रत मागता येते आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. शाळा खासगी असली, तरी अहवाल शासकीय कार्यालयाकडे असतो, त्यामुळे अर्ज शाळेकडे नव्हे तर त्या कार्यालयाकडे करावा. अर्जात तपासणीची तारीख, शेऱ्यांची प्रत आणि मागच्या शेऱ्यांवर शाळेने सादर केलेला पूर्तता अहवाल अशा तिन्ही गोष्टी एकत्र मागाव्यात.