गाडी घेतली, खुराकाचं काय?

ऊसबिलाची पहिली उचल खात्यावर जमा झाली, की कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत जुन्या गाड्यांच्या बाजारात वर्दळ वाढते. हल्ली तिथे स्विफ्ट आणि बोलेरोच्या रांगेत ऑक्टाव्हिया, सुपर्ब, ऑडी ए-फोर, पोलो जीटी अशा दमदार गाड्याही उभ्या दिसतात. नव्या होत्या तेव्हा त्यांच्याकडे नुसतं पाहायचं. सात-आठ वर्षांनी त्याच गाड्या साध्या नव्या हॅचबॅकच्या भावात मिळायला लागतात. पंचविशीतला मुलगा हायवेवर एक चक्कर मारून येतो आणि त्याच दिवशी इसार देऊन मोकळा होतो.

त्या मुलाची ओढ मला पुरती समजते. यंत्राची हौस आपल्या मातीतच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला. सर धनजीशा कूपर यांनी १९२२ साली साताऱ्यात सुरू केलेल्या उद्योगातून नांगर आले, डिझेल इंजिनं आली. ‘प्रिया’ स्कूटर साताऱ्यात बनत होती. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारे मिस्त्री आजही आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यामुळे ‘कशाला हवी असली गाडी?’ असं मी कुणाला विचारणार नाही. माझा आग्रह एवढाच, की हिशेब इसार देण्याआधी व्हावा.

शर्यतीचा खिलार दावणीला बांधणारा शेतकरी बैलाच्या किमतीइतकाच त्याच्या खुराकाचा विचार करतो. पेंड, दूध, अंडी, राखणीचा माणूस, हे सगळं परवडणार असेल तरच तो व्यवहाराला बसतो. गाडी घेताना मात्र आपण किंमत आणि हप्ता, एवढंच पाहतो. मुख्य मुद्दा तिथेच सुटतो. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २०१७ मध्ये आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत २४ लाख ६२ हजार रुपये होती आणि ताकद २३० अश्वशक्ती. तीच गाडी आज कितीही स्वस्तात मिळाली, तरी तिचा टर्बो, तिचे ब्रेक आणि तिचा गिअरबॉक्स पंचवीस लाखांच्या गाडीचेच राहतात. देखभालीचं बिल नव्या गाडीच्या किमतीला धरून येतं, आपण मोजलेल्या किमतीला धरून नाही.

सुरुवात टायरपासून करू. अशा गाडीला १७ इंची, कमी उंचीच्या भिंतीचे टायर असतात. चांगल्या कंपनीच्या चार टायरांना पन्नास हजारांच्या आसपास लागतात. आपले रस्ते त्यांना सोयीचे नाहीत. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणात वळणरस्त्यांवर खडी आणि कडा उघड्या असतात. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गावरस्त्यांवर चाकोऱ्या पाडतात. उंच भिंतीचा टायर असा दणका पचवतो. पातळ टायरला मात्र बाजूने फुगा येतो, कधी अलॉय वाकतो. जुनी गाडी पाहताना टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३२१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शिल्लक असली, तरी रबर म्हातारं झालेलं असतं.

मग ब्रेक. साताऱ्यातून कासला जाताना यवतेश्वरचा घाट, वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा, कऱ्हाडहून चिपळूणला उतरताना कुंभार्लीचा. जड आणि वेगवान गाडी घाटात उतरताना सगळा ताण डिस्क आणि पॅडवर येतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावंच लागतं. ते जुनं झालं, की उतारावर तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली बसतं. वेगासाठी बनलेल्या गाडीत टायर आणि ब्रेकवर काटकसर करणं म्हणजे जिवाशी खेळ. गाडीत आपल्याबरोबर आईवडील आणि पोरंही बसलेली असतात.

सर्वात मोठा घास गिअरबॉक्सचा. पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली, १०५ अश्वशक्तीची. तिच्यात सात गिअरचा, कोरड्या दुहेरी क्लचचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. मोकळ्या रस्त्यावर तो सुरेख चालतो. सांगलीत विश्रामबागच्या गर्दीत किंवा घाटात ट्रकमागे इंच-इंच सरकताना मात्र त्याचे क्लच तापतात आणि झिजतात. त्याचा मेंदू म्हणजे मेकाट्रॉनिक युनिट. ते गेलं, तर खर्च लाखाच्या पुढे जातो. ऑक्टाव्हिया आरएसचा सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा आहे, जास्त टिकाऊ आहे, पण दर ६० हजार किलोमीटरला त्याचं तेल आणि फिल्टर बदलावा लागतो. ७० हजार रनिंग झालेली गाडी दाखवली, तर या कामाची पावती मागा. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते. जुन्या १.८ टीएसआय इंजिनांत टायमिंग चेनचा टेन्शनर आणि तेल खाण्याची सवय, ही दोन दुखणी जगभर माहीत आहेत. गाडी थंड असताना पहिल्यांदा सुरू करून पाहा. सुरू होताच चेनचा खडखडाट आला, तर व्यवहार तिथेच थांबवा.

आता वर्षाचा ढोबळ ताळेबंद मांडू. दोन लिटर टर्बो पेट्रोल गाडी, वर्षाला ८,००० किलोमीटर, शहर-हायवे मिळून लिटरला १० किलोमीटर. म्हणजे ८०० लिटर पेट्रोल; १०५ रुपये भावाने ८४ हजार. शिवाय २०२३ आधीच्या बहुतेक गाड्या २० टक्के इथेनॉलचा विचार करून बनवलेल्या नाहीत, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं घटतं. विम्यात १,५०० सीसीवरच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता ७,८९७ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ९,३१८. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा धरला, की पस्तीस हजारांपर्यंत जातो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्या माणसाचा असतो. नियमित सर्व्हिस तीस हजार. टायरची वाटणी बारा हजार. ब्रेक, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश यांना पंचवीस हजार. आणि गिअरबॉक्स, टर्बो, इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी काही कधीतरी जाणार म्हणून बाजूला टाकायचे पन्नास हजार. बेरीज २ लाख ३६ हजार. म्हणजे हप्ता सोडून महिन्याला जवळपास वीस हजार. यातले पन्नास हजार एखाद्या वर्षी वाचतील, पुढच्या वर्षी एका दिवसात जातील.

जुन्या गाडीच्या विम्यात आणखी एक फट असते. झिरो डेप संरक्षण नसेल, तर रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो. आजच्या गाडीचा बंपर प्लास्टिकचाच असतो. ठरावीक वयानंतर बऱ्याच कंपन्या झिरो डेप देत नाहीत. म्हणून पॉलिसीचा भाव गाडी घेण्याआधी विचारावा.

सांगलीकरांना वेगळं सांगावं असं एक आहे, ते पुराचं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी शहरात शिरलं. अशा वेळी पाण्यात बुडालेल्या कितीतरी गाड्या विमा कंपन्यांनी ‘टोटल लॉस’ धरून लिलावात काढलेल्या असतात. त्या दुरुस्त होतात, धुऊनपुसून दुसऱ्या गावच्या बाजारात येतात. महागड्या गाड्यांत हा धोका सर्वात मोठा, कारण त्यांची वायरिंग आणि मोड्यूल्स सीटखाली, गालिच्याखाली असतात. चिखल वर्षभरात वाळतो, पण जोडण्यांवरचा हिरवट गंज वाढतच राहतो. म्हणून सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर मातीची रेघ दिसते का पाहा. डिकीतली स्टेपनी काढून खालचा खळगा बघा. सीटचे बोल्ट आणि रूळ गंजलेत का पाहा. विमा कंपनीकडे त्या गाडीवर क्लेम झाला होता का, याची चौकशी करा. आणि आपली गाडी कधी पाण्यात अडकली, तर चावी फिरवू नका. पाणी भरलेलं इंजिन सुरू केल्याने झालेलं नुकसान, ‘इंजिन प्रोटेक्ट’ घेतलेलं नसेल, तर साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. टीटीओ, म्हणजे मालकी हस्तांतरणाच्या फॉर्मवर नुसत्या सह्या घेऊन ठेवू नका. गाडी लगेच नावावर करा. बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र हातात घ्या. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण तिकडची एनओसी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर भरल्यावर स्वस्ताई बरीच आटते. बेळगाव-चिकोडी भागातल्या कर्नाटक पासिंगच्या गाड्यांनाही हेच लागू. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ त्या इथे तशाच ठेवता येत नाहीत. आणि सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली, म्हणजे रीमॅप केलेली गाडी घेताना लक्षात ठेवा: कंपनीने दिलेल्या तपशिलात असा बदल केल्याचं अपघातानंतर उघड झालं, तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं.

माझ्या ओळखीच्या एका तरुण डॉक्टरांनी अशीच एक जर्मन सेडान घेतली आणि ती आजही झकास ठेवली आहे. त्यांनी हातात असलेल्या पैशापेक्षा बरीच स्वस्त गाडी घेतली आणि उरलेल्या रकमेची ठेव फक्त गाडीच्या नावाने ठेवली. घेण्याआधी गाडी पुण्याला नेऊन स्कॅनरला लावली, लिफ्टवर चढवून तपासली, त्यासाठी काही हजार मोजले. त्या तपासणीत आधीच्या दोन गाड्या त्यांनी नाकारल्या होत्या. शौक असा जपला, तर तो घराला जड होत नाही.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. ठरवलेल्या रकमेच्या ऐंशी टक्क्यांतच गाडी घ्या आणि वीस टक्के पहिल्या वर्षासाठी राखून ठेवा. तेवढं जमत नसेल, तर एक पायरी खालची, कमी ताकदीची पण नीट राखलेली गाडी घ्या. ती जास्त वर्षं आनंद देईल. आणि ज्या गाडीची सर्व्हिसची फाइल विकणारा दाखवू शकत नाही, ती गाडी कितीही देखणी असली, तरी घेऊ नका.