यंत्रातील बुरशी आणि हिशेबातील उणीव

चंद्रपूरचा उन्हाळा कोणास नव्याने सांगावयास नको. २०१९ च्या मे महिन्यात येथील पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. अशा गावात वातानुकूलन यंत्रास चैन म्हणून हिणविणे आता शोभत नाही. मध्यमवर्गीय घरांत ते हप्त्यांनी का होईना, येतेच. यंत्राची किंमत आणि विजेचे बिल यांचा हिशेब घरोघर मांडला जातो. तिसरा एक खर्च मात्र कोणाच्याच वहीत नसतो. पावसाळ्यात यंत्र सुरू करताच जो कुबट वास येतो, तो या खर्चाचा तगादा होय.

हा वास बुरशीचा. मे महिन्यातील कोरड्या हवेत यंत्राच्या थंड नळ्यांवर फारसे पाणी जमत नाही. जूननंतर हवेतील बाष्प तेथे पाझरू लागते. कोळशाच्या या जिल्ह्यात धुळीला तोटा नाही. ओल, धूळ आणि अंधार एकत्र आले की बुरशीला आणखी काय हवे? ओल व बुरशी यांचा दमा आणि श्वसनविकारांशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच नमूद केले आहे. बंद खोलीत रात्रभर निजणाऱ्या मुलांच्या छातीत ही हवा जाते.

विदर्भातील जुन्या कूलरचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याच्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास पोसले गेले. परंतु त्याची ओल डोळ्यांसमोर होती. ताट्या कुजल्या की दिसत, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर नव्या बसविल्या जात. नव्या यंत्राने ओल सुबक आवरणाआड लपविली आणि त्याबरोबर ती सवयही गेली. वस्तुतः गाळणी पंधरवड्यास धुणे, बंद करण्यापूर्वी अर्धा तास नुसता पंखा चालविणे, पाणी वाहून नेणाऱ्या नळीस उतार ठेवणे, एवढे घरीच करता येते. सुगंधी फवाऱ्याने केवळ वास झाकतो.

आतील पंख्यावरची काळी बुरशी काढण्यास मात्र कारागीरच हवा, आणि खरी अडचण येथे आहे. त्याने पंखा उतरवून धुतला की वरवरची गाळणी झटकली, हे ग्राहकास कळत नाही. विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात अशा गुणवत्तेमुळे बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले होते. येथेही चोख काम करणारा महाग ठरतो व मागे पडतो.

यंत्रावरील ताऱ्यांचे लेबल विजेचा वापर सांगते. सफाईचा वार्षिक खर्चही विक्रेत्याने तेथेच लिहून द्यावा. चंद्रपूर आणि गडचिरोलीतील सरकारी कार्यालये व रुग्णालये यांनी यंत्रांच्या निविदेतच पाच वर्षांच्या सफाईचे दर मागवावेत, आणि पंखा उतरवून धुतल्याची नोंद पाहिल्यावाचून देयक मंजूर करू नये. खरेदीस एका शीर्षाखाली पैसा मिळतो, देखभालीस दुसऱ्या. आणि दुसऱ्या शीर्षाला कात्री प्रथम लागते, हे कोणत्याही लेखापालास ठाऊक आहे.