कर्ज थांबले, कायदा तसाच राहिला

मे २०२३ मध्ये युगांडाचे राष्ट्राध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांनी समलिंगी संबंधांविरुद्धच्या नव्या कायद्यावर सही केली. जन्मठेप तेथे पूर्वीपासून होतीच. आता काही प्रकारांत फाशीचीही तरतूद झाली आणि नुसता ‘प्रचार’ केला तरी वीस वर्षांपर्यंत कैद. ऑगस्टमध्ये जागतिक बँकेने युगांडाला नवे कर्ज देणे थांबवले. एप्रिल २०२४ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने काही कलमे रद्द केली, पण कायदा कायम ठेवला. जून २०२५ मध्ये बँकेने, भेदभाव होऊ नये म्हणून उपाय योजले आहेत असे सांगून, पुन्हा कर्ज देण्याचे जाहीर केले. म्हणजे दोन वर्षे तिजोरी बंद राहिली आणि कायदा जागचा हलला नाही.

आपल्या पत्रकात युगांडा कशाला, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्याच घरात सापडते. इंग्रजांनी १८६० साली हिंदुस्थानासाठी जी दंडसंहिता केली, तिच्यातले कलम ३७७ पुढे आशिया-आफ्रिकेतील अनेक वसाहतींसाठी नमुना ठरले. युगांडाच्या १९५० च्या दंडसंहितेतील ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांचे कलम त्याच कुळातले. तेथील पुढारी समलैंगिकता ही पाश्चात्त्यांची देणगी आहे असे सांगतात. प्रत्यक्षात बाहेरून आला तो कायदा! नव्या कायद्याच्या मागेही परदेशी हात आहेतच. मार्च २००९ मध्ये अमेरिकेतील काही धर्मप्रचारकांनी कंपालात येऊन समलिंगींविरुद्ध व्याख्याने दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिले विधेयक संसदेत आले.

तेव्हा जगाने बोलायला हवे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. २०१० साली तेथील एका साप्ताहिकाने समलिंगींची नावे-छायाचित्रे ‘यांना फाशी द्या’ अशा मथळ्यासह छापली. त्यात नाव असलेले कार्यकर्ते डेव्हिड काटो आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये जिंकले. त्याच महिन्याच्या अखेरीस काटो यांचा खून झाला. खुनाचे कारण पोलिसांनी वेगळे सांगितले. पण ज्याचे नाव फाशीच्या मथळ्याखाली छापले जाते, त्याने कोणाच्या भरवशावर राहायचे?

प्रश्न आहे तो कसे बोलायचे, हा. आमच्यातल्या अनेकांचे आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले आहे. कर्जदार मोठा असला की वसुलीचा ताप त्याला होत नाही, त्याच्याकडे पगारावर असलेल्यांना होतो, हे आम्ही पाहिले आहे. २०१४ मध्ये अशाच कायद्यावरून जागतिक बँकेने युगांडाचे नऊ कोटी डॉलरचे कर्ज लांबणीवर टाकले. ते होते आरोग्यसेवेसाठी, त्यातही बाळंतपण आणि नवजात अर्भकांच्या काळजीसाठी! कायदा करणारे मंत्री बाळंत होत नाहीत. शिवाय दवाखाना अडला की गावकरी बोट दाखवतात ते समलिंगी शेजाऱ्याकडेच. म्हणूनच २०११ मध्ये ब्रिटनने मदतीला अटी घालण्याची भाषा केली तेव्हा आफ्रिकेतील अनेक हक्कवादी संघटनांनी जाहीर विरोध केला. ज्यांच्यासाठी काठी उगारली, त्यांनीच ती खाली ठेवा म्हटले.

२०१४ चा तो कायदा पडला तो कर्जामुळे नव्हे. युगांडातलेच प्राध्यापक, आमदार आणि कार्यकर्ते न्यायालयात गेले. संसदेत पुरेशी गणसंख्या नसताना कायदा मंजूर झाला, हे त्यांनी दाखवून दिले आणि १ ऑगस्टला तो रद्द झाला. अशा माणसांच्या वकिलाची फी, लपायला सुरक्षित जागा, औषधे आणि जीव वाचवून निघालेल्याला आश्रय, ही खरी मदत. डेन्मार्कने त्या वर्षी सरकारकडे जाणारा पैसा संस्थांकडे वळवला, तो मार्ग आम्हाला अधिक शहाणपणाचा वाटतो. प्रवेशबंदी घालायची तर पुढाऱ्यांच्या व्हिसावर घाला. मात्र एकाच दात्यावर विसंबणेही धोक्याचे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा युगांडातील एचआयव्ही उपचारांनाच झळ पोहोचली.

आणि आपण? आपल्याकडे २००१ साली दिल्लीत याचिका दाखल झाली. २००९ ला यश, २०१३ ला पराभव आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. सतरा वर्षे लागली, पण लढा आपल्याच माणसांनी लढला. असा अनुभव गाठीशी असलेला देश युगांडाशी बोलला तर त्याला ‘गोऱ्यांची शिकवण’ कोणी म्हणू शकणार नाही. पण २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत या प्रश्नावर स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्याचा ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. त्या वेळी ३७७ आपल्या गळ्यात होते, ही सबब होती. आता ती उरलेली नाही. यापुढे असा ठराव येईल तेव्हा भारताने बाजू घ्यावी, अशी आमची मागणी आहे. आपल्या भागाच्या खासदारांना वाचकांनी हेच लिहावे.