फुकटचा संगणक फुकट नसतो

बाजारपेठेच्या प्रत्येक गल्लीत आज एक तरी तरुण असा सापडतो, ज्याला सगळे 'संगणकवाला मुलगा' म्हणून ओळखतात. त्याचे दुकान नसते, पाटी नसते, दरपत्रक नसते. डॉक्टरांचा प्रिंटर अडला, घाऊक व्यापाऱ्याच्या टॅलीतून बिल निघेना, शाळेच्या कार्यालयातील संगणक सुरूच होईना, की त्याला फोन जातो. तो येतो, तास-दोन तास खपतो, चहा पितो आणि निघून जातो. पैशाचा विषय दोघेही काढत नाहीत. पुढे कधीतरी त्या दुकानात नवा संगणक येतो आणि मालक म्हणतो, "बेटा, हा जुना तूच घेऊन जा, तुझ्या कामाला येईल." मुलगा खूश, मालकही खूश. व्यवहार झाला, पण व्यवहार झाला असे दोघांनाही वाटत नाही. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

या देवघेवीला आता एक नवे निमित्त मिळाले आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा बंद केली. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ साठी कंपनीने ज्या अटी घातल्या, त्यांत टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली. म्हणजे त्यापूर्वी घेतलेली हजारो यंत्रे धडधाकट चालत असूनही कार्यालयांच्या दृष्टीने निकामी ठरली. ती कोपऱ्यात धूळ खात पडतात, नाहीतर भंगारात जातात, नाहीतर या मुलांच्या घरी येतात. तिसरी वाट सर्वांत चांगली, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

भांडवल, तेही कर्जाशिवाय

याची चांगली बाजू आधी सांगितली पाहिजे. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा अशा वस्त्यांतील तरुणाजवळ हात आणि डोके असते, भांडवल नसते. बँक त्याला दारात उभे करीत नाही. अशा वेळी चार जुने संगणक त्याच्या खोलीत आले की एक लहानसा कारखानाच उभा राहतो. एकाचा वीजपुरवठ्याचा डबा, दुसऱ्याची रॅम, तिसऱ्याचा पडदा एकत्र करून एक चालते यंत्र तयार होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन सुटा भाग विकत घेण्याआधी घरातल्या सुट्या भागावर तो प्रयोग करू शकतो. दुसऱ्याच्या चालत्या यंत्रावर शिकण्यापेक्षा आपल्या मोडक्या यंत्रावर शिकणे केव्हाही बरे.

शिवाय ही यंत्रे खरोखर उपयोगाची असतात. सहाव्या-सातव्या पिढीचा संगणक मंद वाटतो तो बहुधा फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कमुळे. तिच्या जागी एसएसडी बसवली, रॅम आठ जीबी केली आणि लिनक्ससारखी मोफत प्रणाली घातली, की तोच संगणक विद्यार्थ्याच्या अभ्यासाला, पत्रव्यवहाराला आणि साध्या हिशेबाला आणखी काही वर्षे पुरतो. कोणाच्या तरी घरातील मुलीला तिचा पहिला संगणक अशाच वाटेने मिळतो. हे लहान काम नव्हे.

बलुतेदारीचा धडा

मग बिघडते कुठे? महाराष्ट्राला हा व्यवहार नवा नाही. गावगाड्यात सुतार, लोहार, चांभार वर्षभर कुणब्याची कामे करीत आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा नेत. बारा बलुतेदारांच्या अनेक याद्यांत मुलाणीही आहे. कामागणिक दर ठरलेला नव्हता. पीक चांगले आले तर बरे, नाही आले तर बलुतेदाराचे पोट खपाटीला; पण काम मात्र त्याला नाकारता येत नसे. सेवा बंधनकारक आणि मोबदला मर्जीचा, हा त्या पद्धतीचा मोठा दोष होता.

आज जुन्या संगणकावर जी सेवा घेतली जाते तिच्यात हाच दोष शिरला आहे. एक यंत्र दिले की मालकाला वाटते, मुलगा आता आपला झाला. रात्री दहाला फोन करावा, सणाच्या दिवशी बोलवावे, घरच्या टीव्हीपासून पुतण्याच्या मोबाईलपर्यंत सगळे त्याच्याकडून करून घ्यावे. उलट बाजूला मुलगाही मनात म्हणतो, वर्षभर राबलो आणि हाती आले भंगार. तो फोन उचलायचे टाळू लागतो. काही महिन्यांनी संबंध तुटतो आणि दोघेही एकमेकांना कृतघ्न ठरवतात.

साधा हिशेब मांडून पाहावा. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, वर्षात दहा फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीत दीड तास गेला. पंधरा तास झाले. तासाला दोनशे रुपये धरले तर मजुरी तीन हजार. आता मिळालेला संगणक जुन्या बाजारात आहे त्या अवस्थेत पाच हजारांना जात असेल, तर मालकाने दोन हजार जास्त दिले. तोच जर भंगाराच्या भावाने चारशे रुपयांचा असेल, तर मुलाचे दोन हजार सहाशे बुडाले. दोन्ही प्रसंगी तोंडातून शब्द मात्र एकच निघतो : फुकट. हा शब्द कोणाचा तरी तोटा झाकतो. आणि किंमत एका जागी थांबतही नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भडकले. काल कवडीमोल वाटणारी पट्टी अचानक मोलाची झाली. ज्याने भाव बोलूनच ठेवला नाही, त्याला आपण काय दिले आणि काय घेतले हे कळणार कसे?

वैद्यच वारसदार

याहून गंभीर एक गोष्ट आहे आणि ती आमच्या तरुणांना स्पष्ट सांगितली पाहिजे. यंत्र मेले की नाही हे ठरवणारा तूच, आणि मेलेले यंत्र घरी नेणाराही तूच, अशी ही रचना आहे. वैद्यच वारसदार असेल तर रोग्याने घाबरावे हे स्वाभाविक आहे.

संगणक सुरू होत नाही याचे कारण कित्येकदा क्षुल्लक असते. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडा मळतात. खोडरबराने पुसून परत बसवल्या की यंत्र चालू होते. आतली बटणाएवढी बॅटरी संपली की तारीख मागे जाते, संकेतस्थळे उघडत नाहीत आणि मालकाला वाटते सगळेच बिघडले. ती बॅटरी अगदी किरकोळ पैशांत मिळते. अशा वेळी "चाचा, याच्यात आता दम राहिला नाही" असे म्हणून यंत्र उचलणे ही चोरीच आहे, मग मालकाने ते हसत हसत का दिलेले असेना. तेव्हा नियम एकच असावा : बिघाड काय आहे आणि तो दुरुस्त करायला किती खर्च येईल हे आधी सांगावे, त्यानंतरही मालकाला यंत्र नको असेल तरच ते घ्यावे. सचोटीची अशी ख्याती पसरायला दोन वर्षे लागतात, पण ती कोणत्याही पाटीपेक्षा जास्त गिऱ्हाईक आणते.

काय घ्यावे, काय नाकारावे

मिळते म्हणून सगळेच घरी आणू नये. आठ-दहा वर्षांपर्यंतचा संगणक, चालता एलसीडी पडदा, डीडीआर ३ किंवा डीडीआर ४ प्रकारची रॅम, लॅपटॉपचा चार्जर, कळफलक, नेटवर्कची वायर ही घेण्याजोगी चीज आहे. त्याउलट काचेच्या नळीचा जुना पडदा, शाई वाळून तोंड बंद झालेला प्रिंटर, मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले यंत्र यांनी खोली भरते, खिसा नाही. नळीच्या काचेत शिसे असते. तिची मोडतोड घरात मुलाबाळांमध्ये करणे धोक्याचे आहे. यूपीएसच्या बॅटरीतही शिसे आणि आम्ल असते. ती फोडू नये, नवी घेताना दुकानदाराला परत द्यावी. तारा जाळून तांबे काढणे, तेजाबात बोर्ड बुडवून सोने शोधणे हे उद्योग दिल्लीच्या सीलमपूरसारख्या भागांत चालत आले आणि तिथल्या कामगारांच्या फुफ्फुसांनी त्याची किंमत मोजली. ई-कचऱ्याचे नवे नियम देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उरलेला कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जावा.

देणाऱ्याची जबाबदारी

व्यापारी बंधूंनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. तुम्ही नुसता पत्र्याचा डबा देत नसता. त्यात तुमचे गिऱ्हाईक, त्यांचे फोन, तुमची उधारी, आधारच्या प्रती, बँकेचे कागद असतात. डॉक्टर असाल तर रुग्णांची दुखणी असतात. फाइल पुसली किंवा डिस्क फॉरमॅट केली म्हणजे माहिती गेली, हा समज चुकीचा आहे. साध्या साधनांनी ती पुष्कळदा परत काढता येते. डिस्कवर पूर्णपणे नवी माहिती लिहून जुनी पुसावी, एसएसडी असेल तर तिच्यासाठीची वेगळी पुसण्याची सोय वापरावी, आणि हे जमत नसेल तर डिस्क काढून स्वतःजवळ ठेवावी. लोकांच्या खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. मुलगा प्रामाणिक आहे म्हणून त्याच्यावर हा भार टाकणे त्याच्यावरही अन्याय आहे. उद्या कुठून माहिती फुटली तर पहिला संशय त्याच्यावरच येईल.

किमान एक हजार विद्युत वा इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणाऱ्या मोठ्या संस्थांना तर जुनी यंत्रे अशी ओळखीच्या माणसाला देता येत नाहीत. नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत व्यावसायिकाकडेच जातात. तेथील एखादा कर्मचारी मागच्या दाराने यंत्र देऊ करीत असेल तर ते घेऊ नये. लहान दुकाने आणि घरे यांच्याकडून घ्यावे, आणि तेही चिठ्ठीवर लिहून : अमुक तारखेला, अमुक यंत्र, अमुक क्रमांकाचे, अमुक कामाच्या बदल्यात. वाटेत कोणी विचारले तर ही चिठ्ठीच कामी येते.

कराचे भानही असू द्यावे. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याने 'पुरवठा' या शब्दात विक्रीबरोबर वस्तुविनिमयही धरला आहे आणि वस्तूच्या रूपाने आलेला मोबदला हेही धंद्याचे उत्पन्नच असते. लहान कारागिराची उलाढाल बहुधा नोंदणीच्या मर्यादेखाली राहते, पण वहीत नोंद करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावलेली बरी. तसेच, दुरुस्त केलेल्या यंत्रात विंडोजची चोरटी प्रत घालून विकणे म्हणजे स्वतःच्या नावावर बट्टा लावून घेणे होय. लिनक्स मोफत आहे, ती घालावी, आणि घेणाऱ्याला ती वापरायला शिकवावी.

संबंध बिघडतील काय?

काही वडीलधारी मंडळी म्हणतील की शेजाऱ्यापाजाऱ्यांत असे मोजमाप करणे शोभत नाही. हिशेब आला की माया गेली. आम्हाला अनुभव उलटा दिसतो. संबंध तोडतो तो मनात ठेवलेला हिशेब. बोललेला हिशेब संबंध टिकवतो. म्हाताऱ्या शेजारणीचा फोन नीट करून दिला, गावच्या वाचनालयाचा संगणक मोफत सुधारून दिला, तर ते दान आहे. ते दान म्हणूनच करावे आणि त्याबदल्यात कशाचीही वाट पाहू नये. धंद्याचे काम मात्र धंद्यासारखे व्हावे. या दोहोंची सरमिसळ झाली की दानही राहत नाही आणि धंदाही होत नाही.

तेव्हा तरुणाने यंत्राला हात लावण्याआधी एवढे बोलावे : "चाचा, या संगणकाची आजची किंमत मी इतकी धरतो. त्याच्या बदल्यात सहा महिन्यांत आपल्या दुकानाची पाच कामे करून देईन. त्यापुढे प्रत्येक फेरीचे अमुक रुपये होतील." आणि चाचांनी तेवढेच मोकळेपणे हो किंवा नाही म्हणावे. एवढे बोलायला दोन मिनिटे पुरतात. ज्याला आपल्या कामाची किंमत सांगता येते तो उद्या दुकान थाटतो. ज्याला ती सांगता येत नाही त्याच्या खोलीत नुसती जुनी यंत्रे साठत जातात.