‘ओला दुष्काळ जाहीर करा’ म्हणजे नक्की काय करा?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागात पावसाने थैमान घातलं. सीना, मांजरा, गोदावरी पात्राबाहेर आल्या, सोयाबीन शेतातच सडलं. मोर्चांपासून रील्सपर्यंत एकच मागणी होती: ओला दुष्काळ जाहीर करा.

मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणाले की, सरकारी नियमांत ‘ओला दुष्काळ’ अशी संज्ञाच नाही. त्यावरून बराच गदारोळ झाला, पण कागदावर ते खरं आहे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पावसाची तूट, पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा आणि पाणीसाठा असे निकष आहेत. हे सगळे पाणी कमी आहे का, ते तपासणारे. गुडघाभर पाण्यात उभं असलेलं शेत त्यात बसणार कसं?

मग शेतकऱ्यांना हा शब्द का हवा होता? कारण दुष्काळ जाहीर झाला की ठरलेल्या सवलती आपोआप लागू होतात. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी. पूर किंवा अतिवृष्टीत मात्र तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनामा करतात. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त भरलं, तरच पैसे.

ते पैसे किती? आपत्ती निधीच्या निकषानुसार कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे एकरी साधारण ३,४००. बियाणं, खत, फवारणी आणि मजुरी यांचा हिशेब ज्याने एकदा तरी मांडलाय, त्याला यावर वेगळं काही सांगायला नको.

७ ऑक्टोबरला सरकारने मधला मार्ग काढला. शब्द टाळला, पण दुष्काळाच्या सवलती लागू केल्या आणि ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. सगळीकडे मथळा झाला तो याच आकड्याचा. त्यात रस्ते, पूल अशा पायाभूत सुविधांच्या दुरुस्तीचा खर्चही आहे, हे मथळ्यात मावलं नाही. पिकांचं नुकसान सुमारे ६८ लाख हेक्टरवर होतं. रब्बीच्या बियाण्यांसाठीचे हेक्टरी १०,००० धरून कोरडवाहू शेतकऱ्याला हेक्टरी १८,५०० मिळणार होते, मर्यादा तीन हेक्टर. विरोधकांची मागणी हेक्टरी ५०,००० ची होती.

या सगळ्यात जमीनच खरवडून गेलेल्यांची चर्चा सगळ्यात कमी झाली. पीक गेलं तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतं. वरची काळी माती वाहून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला, तर पेरायचं कशात? अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून ३ लाखांपर्यंतची कामं, असं ठरलं. ऐकायला मोठी वाटणारी रक्कम ही दुसरी आहे, पण ती थेट खात्यात येत नाही. आधी काम मंजूर व्हावं लागतं, मग मस्टर निघावं लागतं आणि त्यावर मजूर हजर असावे लागतात. बीड, धाराशिवच्या कितीतरी गावांतले मजूर त्याच महिन्यांत ऊसतोडीला निघून गेलेले असतात.