नळी नको, मग पुढे काय?

पानिपत म्हटले, की मराठी माणसाला १७६१ साल आठवते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत मात्र या गावाचे नाव प्राणवायूसाठी घेतले गेले. कोरोनाच्या लाटेत इंडियन ऑइलच्या पानिपत येथील तेलशुद्धीकरण कारखान्याने स्वतःच्या कामाचा प्राणवायू दिल्ली, हरियाणा आणि पंजाबमधील रुग्णालयांकडे वळवला. कारखान्याजवळ पाचशे खाटांचे तात्पुरते रुग्णालयही उभे राहिले.

प्राणवायू खाटेपर्यंत पोचला, तरी तो द्यायचा कसा, हा प्रश्न उरतोच. तो केवळ साथीपुरता नाही. ऐंशी वर्षांचे, आधीच खंगलेले आजोबा न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल होतात आणि निक्षून सांगतात, "माझ्या घशात नळी घालू नका." घरच्यांच्या पोटात गोळा येतो. आता सगळे संपले का?

मुळीच नाही. नळी नको म्हणजे उपचार नकोत, असे नव्हे. प्रतिजैविके, सलाइन, प्राणवायू हे सारे चालू राहू शकते.

सर्वात सोपी ती नाकाशी लावायची दुहेरी बारीक नळी. तिच्यातून मिनिटाला सहा लिटरपर्यंत प्राणवायू देता येतो. जास्त लागला तर मुखवटा, त्याहून जास्त लागला तर पिशवी जोडलेला मुखवटा. त्यापुढे 'हाय फ्लो' यंत्र मिनिटाला साठ लिटरपर्यंत कोमट, दमट हवा आणि प्राणवायू नाकावाटे देते. रुग्ण बोलू शकतो, बहुधा दोन घासही खाऊ शकतो. 'बायपॅप' यंत्र घट्ट मुखवट्यातून दाबाने हवा देते. विडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे निकामी होऊन रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला, तर त्याचा मोठा आधार होतो. पण मुखवटा टोचतो, जीव घुसमटतो, खाणे-बोलणे अवघड होते. अशा रुग्णांना जादा प्राणवायूही बाधू शकतो. म्हणून त्यांची पातळी साधारण ८८ ते ९२ टक्के ठेवतात.

यंत्र लावण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे : याने काय साधणार? किती वेळ वाट पाहायची? उतार पडला नाही तर काय? एक-दोन दिवस करून पाहू, आजोबांना सोसवले नाही तर काढू, असे आधी ठरले, की नंतर कोणाच्या मनाला टोचणी लागत नाही.

आणि मुखवटा काढला म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडले असेही नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिनची अल्प मात्रा धाप कमी करते. उशाला टेकवून बसवणे, चेहऱ्यावर पंख्याचा वारा, ओठ ओले ठेवणे, हातात हात, हेही उपचारच.

समजून-उमजून निर्णय घेणाऱ्या प्रौढ रुग्णाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केले. पुढे शुद्ध हरपली तर काय करावे, याचे इच्छापत्रही आधी करून ठेवता येते. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते.

तेव्हा हे बोलणे रुग्णवाहिका दारात येईपर्यंत लांबवू नये. एखाद्या निवांत संध्याकाळी, चहा घेताना, आजोबांनाच विचारावे : "तुम्हाला काय हवे?"