पुस्तक कपाटात आहे, मग ई-बुकचे पैसे पुन्हा का?

पुण्यात नारायण पेठेला लागून असलेल्या अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं विकली जातात, तशी विकत घेतलीही जातात. परीक्षा झाली की पुस्तक द्यायचं, त्या पैशांत पुढचं घ्यायचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार एकदा विकलेली प्रत पुढे विकायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही.

ई-बुकचं तसं नाही. आपण पैसे भरतो, पण बहुतेक वेळा मिळतो तो फक्त वाचण्याचा परवाना. छापील प्रत घरात असली तरी हा परवाना वेगळा घ्यावा लागतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्यांनाही आधी घेतलेलं नियमांचं पुस्तक ऑनलाइन हवं असेल, तर पुन्हा पैसे मोजावे लागतात.

शिवाय परवाना काढूनही घेता येतो. २००९ मध्ये हक्कांच्या वादामुळे ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेलचं '१९८४' ग्राहकांच्या किंडलवरून पुसलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-बुकचं दुकानच बंद केलं. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले, पुस्तकं मात्र गेली.

मग ई-बुक घेऊच नये का? तसं नाही. अक्षरं मोठी करता येतात, हवा तो शब्द चटकन सापडतो. पण दुसऱ्यांदा पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा: फाइल स्वतःकडे ठेवता येते का? ॲप बंद पडलं तरी ती उघडेल का? घरातल्या दुसऱ्या कुणाला वाचायला देता येईल का? तिन्ही उत्तरं 'नाही' असतील तर ही खरेदी नव्हे, भाडं आहे. किंमतही भाड्याएवढीच मोजा.